मेंदूतली धमनी ‘७० टक्के अरुंद’: पलीकडे रक्त किती पोचतंय, हे स्कॅनवर कसं पाहायचं

‘डाव्या एमसीएच्या एम१ भागात ६० ते ७० टक्के स्टेनोसिस.’ म्हणजे मेंदूच्या डाव्या बाजूच्या मधल्या धमनीचा सुरुवातीचा भाग तेवढा अरुंद झालाय. असं वाक्य रिपोर्टात आलं की घरात त्यातला ७० तेवढा उरतो. नातेवाइकांचे फोन सुरू होतात. कुणाच्या काकांना ५० टक्केच होतं तरी मेंदूचा झटका, म्हणजे स्ट्रोक, आला, कुणाची आत्या ८० टक्क्यांवर दहा वर्षं ठणठणीत आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. टक्का धमनीचं माप सांगतो. त्या धमनीवर जगणाऱ्या मेंदूच्या भागाला रक्त मिळतंय का, हा निराळा प्रश्न आहे आणि त्यासाठी निराळी तपासणी लागते. तिला ‘परफ्युजन’ म्हणतात.

मी ठाण्यात सीटी आणि एमआरआयच्या मशीनवर काम केलेला माणूस आहे, डॉक्टर नाही. औषध बदलण्याचा सल्ला इथे मिळणार नाही. कुठली तपासणी कशासाठी, कुठल्या क्रमानं, जाताना काय सांभाळायचं आणि रिपोर्टात कुठे फसगत होते, एवढं सांगतो.

लक्षणं आत्ता चालू असतील तर

चेहरा एका बाजूला ओढला गेलाय, हात उचलत नाही, बोबडं बोलणं सुरू झालंय, एकाएकी दिसेनासं झालंय, असं असेल तर पुढचं वाचू नका. १०८ ला फोन करा किंवा गाडीत घालून निघा. जिथे चोवीस तास सीटी आणि स्ट्रोकचे डॉक्टर आहेत, असंच हॉस्पिटल गाठा. संध्याकाळी घोडबंदर रोडला किंवा कापूरबावडी नाक्याला अडकण्याची भीती असेल तर अशांपैकी जवळचं बरं. आधी दुसरीकडे जाऊन मग हलवण्यात वेळ जातो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी धमनी बंद असेल तर काही निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत गुठळी ओढून काढता येते, आणि ही निवड करतानाही परफ्युजन स्कॅन वापरतात.

लक्षणं दहा मिनिटांत आपोआप गेली तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. ‘गेलं ना आता, उद्या बघू’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय.

यापुढचं सगळं स्थिर झालेल्या रुग्णासाठी आहे.

हा ७० आला कुठून?

मेंदूच्या आतल्या धमनीचा टक्का काढायला साधा भागाकार आहे. सर्वांत अरुंद जागेची रुंदी मोजायची, तिला त्याच धमनीच्या जवळच्या निरोगी भागाच्या रुंदीनं भागायचं, उत्तर एकातून वजा करायचं. निरोगी भाग २.८ मिलिमीटर आणि अरुंद जागा १.१ मिलिमीटर असेल तर ६१ टक्के. ५० ते ६९ ला मध्यम म्हणतात, ७० ते ९९ ला तीव्र.

आता गंमत पाहा. सीटीवरचा एक ठिपका साधारण अर्ध्या मिलिमीटरचा असतो. मोजणाऱ्याचा हात ०.३ मिलिमीटरनं इकडे गेला आणि १.१ च्या जागी ०.८ आलं, तर टक्का ७१ होतो. तिकडे जाऊन १.४ आलं तर ५०. माणूस तोच, धमनी तीच, एका रिपोर्टात ‘मध्यम’ आणि दुसऱ्यात ‘तीव्र’. वाशीच्या रिपोर्टात ६० आणि ठाण्याच्या रिपोर्टात ७२ आलं म्हणून महिन्याभरात आजार वाढला असं समजू नका. दोन्ही स्कॅनची चित्रं एकाच रेडिओलॉजिस्टनं शेजारी ठेवून पाहिली तरच वाढला की नाही ते कळतं.

तपासणीच्या प्रकारानंही टक्का हलतो. डाय (धमन्या चित्रात उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून द्यायचं औषध) न टोचता केलेली एमआर अँजिओग्राफी, रिपोर्टात तिला ‘टीओएफ’ लिहितात, वाहत्या रक्तातूनच चित्र काढते. रक्त मंद झालं किंवा अरुंद जागेनंतर घुसळलं की तिथला सिग्नल पडतो आणि धमनी तुटल्यासारखी दिसते. म्हणून टीओएफवर आजार बऱ्याचदा असतो त्याहून जास्त दिसतो. डाय टोचून केलेली सीटी अँजिओग्राफी जास्त भरवशाची, पण धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचलं असेल तर तीही फसते. सर्वांत बारीक मोजमाप डीएसएचं, म्हणजे मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून केलेल्या अँजिओग्राफीचं.

धमनी अरुंद झाली की मेंदू काय करतो

एवढं समजलं की रिपोर्टातले सगळे शब्द जागेवर बसतात, म्हणून इथे थोडा वेळ थांबू या.

मेंदूच्या १०० ग्रॅम भागाला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त लागतं. हा झाला सीबीएफ, रक्तप्रवाह. तो २० च्या आसपास उतरला की पेशी काम थांबवतात, १० च्या खाली गेला की मरू लागतात. त्या भागात एका क्षणी जितकं रक्त साठलेलं असतं त्याला सीबीव्ही म्हणतात, साधारण ४ मिलिलिटर. रक्ताचा थेंब तिथून पार व्हायला सरासरी जितका वेळ घेतो तो एमटीटी. तिघांचं गणित ठरलेलं आहे: साठा भागिले प्रवाह म्हणजे वेळ. ४ भागिले ५० म्हणजे ०.०८ मिनिट, जवळजवळ ५ सेकंद.

धमनी अरुंद झाली की पलीकडचा दाब उतरतो. मेंदू लगेच पुढच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतो. साठा ४ चा ५ होतो, प्रवाह ५० च राहतो, वेळ ६ सेकंदांवर जाते. माणसाला काहीही जाणवत नाही. ही पहिली अवस्था.

दाब आणखी पडला की रुंदावण्याची सोय संपते. प्रवाह खरोखर कमी होतो, समजा २५. साठा ५ च असेल तर वेळ १२ सेकंद. इथे मेंदू दुसरा उपाय काढतो. एरवी तो रक्तातला साधारण ३० ते ४० टक्के ऑक्सिजन घेतो, आता त्याहून कितीतरी जास्त ओढून घेतो. ही दुसरी अवस्था. यापुढे शिल्लक काही नसते. रक्तदाब थोडा उतरला, जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं, तर इजा होते.

आणि ज्याचा टक्का जास्त तोच या अवस्थेत असेल असं नाही, कारण आडवाटा असतात. मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं आहे, सर्कल ऑफ विलिस. त्यातून एका बाजूचं रक्त दुसऱ्या बाजूला जातं. आपल्या सोसायटीला पाण्याची मुख्य लाइन कमी दाबानं आली तरी दुसऱ्या जोडणीवर टाकी भरत असेल तर वरच्या मजल्यावर कुणाला पत्ताही लागत नाही, तसंच. मात्र हे कडं सगळ्यांत पूर्ण नसतं. पुष्कळ लोकांत जन्मतःच त्याची एखादी फांदी बारीक असते किंवा नसतेच.

पहिली पायरी: हातात आहे तो एमआरआय पुन्हा वाचून घ्या

नवीन स्कॅनला पैसे घालण्यापूर्वी जुना पुरता वापरा. साध्या एमआरआयमध्येही रक्तप्रवाहाच्या खुणा असतात.

इजा कुठे झालीय ते डॉक्टरांना विचारा. दोन मोठ्या धमन्यांच्या हद्दीवर, मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात मण्यांसारखे ठिपके एका रांगेत असतील तर रक्त कमी पडण्याचा संशय बळावतो. हद्दीवरच्या शेतांना पाणी शेवटी पोचतं आणि आधी तुटतं. रिपोर्टात याला ‘वॉटरशेड’ किंवा ‘बॉर्डर झोन’ म्हणतात. एका फांदीच्या टोकाला, वरच्या थरात, पाचरीसारखा डाग असेल तर अरुंद जागेवरून गुठळीचा तुकडा सुटून पुढे अडकल्याची शक्यता जास्त. तिसरा प्रकार म्हणजे अरुंद जागेतूनच निघणाऱ्या बारीक फांदीचं तोंड बुजणं. तेव्हा एकच छोटा खोल डाग दिसतो, बाकीचा प्रवाह चांगला असू शकतो.

फ्लेअर नावाच्या चित्रात मेंदूच्या पृष्ठभागावर पांढऱ्या, नागमोडी रेषा दिसतात का, हेही पाहायला सांगा. त्या म्हणजे मंद वाहणाऱ्या रक्ताच्या वाहिन्या, बहुधा आडवाटेनं आलेल्या.

दुसरी पायरी: छातीपासून डोक्यापर्यंत एकदा पाहा

फक्त मेंदूची अँजिओग्राफी करून थांबू नका. महाधमनीच्या कमानीपासून मान आणि मेंदू एकत्र पाहिलं पाहिजे. मानेतली कॅरोटिड धमनी अरुंद असेल तर तिचा उपचार वेगळा आहे आणि ती परफ्युजनचा रिपोर्टही बिघडवते, त्याबद्दल पुढे येतंच. आतल्या कड्याच्या कोणत्या फांद्या चालू आहेत, याचा उल्लेख रिपोर्टात नसेल तर मागून घ्या.

टीसीडी नावाची सोनोग्राफी आहे. कानशिलावर प्रोब ठेवून धमनीतल्या रक्ताचा वेग मोजतात. मधल्या धमनीत, म्हणजे एमसीएत, सरासरी वेग सेकंदाला १०० सेंटिमीटरच्या वर असेल तर ती निम्म्याहून जास्त अरुंद असण्याची शक्यता धरतात. स्वस्त आहे, डाय नाही, किरण नाहीत, वारंवार करता येते. अडचण हाडाची. वय झालेल्यांत, त्यातही बायकांत, कानशिलाचं हाड कधी कधी इतकं जाड असतं की आतलं काही ऐकूच येत नाही. शिवाय धमनी बंद व्हायला आली की वेग वाढण्याऐवजी पडतो, म्हणजे आकडा छान दिसतो आणि परिस्थिती वाईट असते.

तिसरी पायरी: परफ्युजनचा कोणता प्रकार

काउंटरवर पहिला प्रश्न येतो, ‘साधा की इंजेक्शनवाला?’ त्यावर ‘जे डॉक्टरांनी लिहिलंय ते’ असं उत्तर देऊन चालत नाही, कारण चिठ्ठीवर बऱ्याचदा नुसतं ‘परफ्युजन स्टडी’ असतं.

सीटी परफ्युजन सगळ्यांत झटपट. आयोडीनची डाय वेगानं टोचतात आणि डोक्याच्या त्याच भागाची मिनिटभर पुनःपुन्हा चित्रं घेतात. डाय कधी आली, किती आली, कधी गेली, यावरून मशीन चार नकाशे काढतं: प्रवाह, साठा, वेळ आणि डाय पोचायला झालेला उशीर. पेसमेकर असला तरी चालतं. किडनी कमजोर असेल तर विचार करावा लागतो. एकाच जागी पुन्हा पुन्हा क्ष-किरण पडत असल्यानं साध्या सीटीहून डोस जास्त. २००९ साली लॉस एंजलिसमधल्या एका रुग्णालयात मशीनची सेटिंग चुकल्यानं दोनशेहून अधिक रुग्णांना नेहमीच्या आठपट डोस गेल्याचं उघड झालं होतं. आपल्याकडे सीटी मशीनला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. त्या मंडळाचं कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरलाच आहे. परवाना दाखवा म्हटलं तर कुणी रागावू नये.

एमआर परफ्युजनचे दोन प्रकार. एकात गॅडोलिनियमची डाय. किडनी फारच कमजोर असेल, म्हणजे ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) ३० च्या खाली, तर तिथेही जपून. दुसरा एएसएल. यात काहीच टोचत नाहीत. मानेतून वर जाणाऱ्या रक्तालाच चुंबकानं खूण करतात आणि दीडदोन सेकंदांनी ते मेंदूत किती पोचलं ते मोजतात. किडनीच्या रुग्णांना आणि वरचेवर तपासणी लागणाऱ्यांना मी हाच सुचवून बघायला सांगेन. पण अरुंद धमन्यांत एएसएलचा एक दोष ठळक होतो: रक्त आडवाटेनं उशिरा पोचत असेल तर मोजायच्या क्षणी ते वाटेतच असतं. नकाशावर मेंदू कोरडा आणि वाहिन्या चमकदार दिसतात. जाणकार वाचणारा याला ‘उशीर’ म्हणेल, घाईतला ‘तुटवडा’.

स्पेक्ट ही न्यूक्लियर मेडिसिनमधली तपासणी. टेक्निशियम असलेलं औषध शिरेतून देतात आणि ते मेंदूत कुठे किती बसलं ते पाहतात. जुनी आहे, चित्र धूसर येतं, पण राखीव ताकद, म्हणजे वाहिन्या आणखी रुंदावण्याची उरलेली सोय, मोजायला अजूनही उपयोगी. ऑक्सिजन किती ओढला जातोय हे थेट मोजणारी पेट तपासणी या सगळ्यांची कसोटी मानली जाते. तिला लागणारा किरणोत्सारी ऑक्सिजन दोन मिनिटांत निम्मा होतो, त्यामुळे सायक्लोट्रॉन शेजारीच हवा. नेहमीच्या रुग्णासाठी ती शक्यता सोडून द्या.

राखीव ताकदीची चाचणी

मला विचाराल तर स्थिर रुग्णात सर्वांत मोलाची माहिती इथे मिळते, आणि हीच सर्वांत कमी मागितली जाते.

ॲसिटाझोलामाइड, म्हणजे काचबिंदूवाल्यांच्या ओळखीचं डायमॉक्स, शिरेतून साधारण १ ग्रॅम देतात. त्यानं मेंदूच्या निरोगी वाहिन्या रुंदावतात आणि प्रवाह वाढतो. औषधाआधी एक स्कॅन, नंतर १५-२० मिनिटांनी दुसरा. अरुंद धमनीच्या पलीकडेही प्रवाह वाढला तर रुंदावण्याची सोय शिल्लक आहे. वाढलाच नाही, किंवा उलट कमी झाला, म्हणजे निरोगी बाजूनं रक्त पळवलं, तर त्या भागाचा हात रिकामा आहे. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. औषधानंतर बोटांना, ओठांना मुंग्या येतात, लघवीला घाई होते. वयस्कर माणसाला टेबलावर झोपवण्याआधी जाऊन येऊ द्या. आदल्या दिवसापासून चहा-कॉफी नको, कारण कॅफिन मेंदूच्या वाहिन्या आक्रसवतं आणि निकाल बदलतो. नुकताच स्ट्रोक झालेल्या माणसात ही चाचणी कधी करायची, ते न्यूरॉलॉजिस्टनंच ठरवायचं.

फोन करून काय विचारायचं

ठाणे आणि नवी मुंबईत एमआरआय सेंटरं भरपूर आहेत. परफ्युजन सगळीकडे होत नाही, आणि जिथे होतं तिथेही रोज होत नाही. फोनवर हे विचारा: परफ्युजनचं सॉफ्टवेअर आहे का आणि महिन्यातून किती होतात? एएसएल होतं का? रिपोर्ट मेंदूच्या स्कॅनचा अनुभव असलेले रेडिओलॉजिस्ट देतात का? रंगीत नकाशे सीडीवर मिळतात का? डायमॉक्सचं इंजेक्शन त्यांच्याकडे असतं की आपण आणायचं? नीट उत्तर न देणाऱ्या ठिकाणी पाचशे रुपये कमी लागत असले तरी जाऊ नका.

कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचं महापालिकेचं रुग्णालय अशा ठिकाणी दाखवत असाल तर तिथल्याच डॉक्टरांना विचारा, कुठली तपासणी आत होते आणि कुठली बाहेरून करावी लागेल. परळच्या केईएमला किंवा सायनला पाठवलं तर जुन्या सगळ्या सीडी सोबत न्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तपासण्यांचा खर्च सहसा भरती होऊन घेतलेल्या उपचाराच्या पॅकेजमध्ये धरलेला असतो. नुसता ओपीडीतला स्कॅन त्यात बसेल असं गृहीत धरू नका, हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

आदल्या दिवसाची तयारी

किडनीसाठी क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट लागतो. तो आदल्या दिवशीच करून ठेवा, नाहीतर सेंटरवर दोन तास जातात. मेटफॉर्मिन घेत असाल तर सांगा. किडनी ठीक असेल तर ते बंद करायची गरज बहुतेकांना नसते, पण बरीच सेंटरं डायनंतर ४८ तास थांबवायला सांगतात. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या आणि शुगरचं काय करायचं तेही विचारा. थायरॉइड वाढलेला असेल तर आयोडीनच्या डायआधी कळवा. आधी कधी डायची रिॲक्शन आली असेल तर ती सर्वांत महत्त्वाची नोंद.

‘कोळंबी सोसत नाही, म्हणून डाय नको,’ असं आपल्याकडे सर्रास सांगतात. मासळीच्या ॲलर्जीचा डायशी खास संबंध नाही. सांगायला हरकत नाही, स्कॅन टाळायचं कारण नाही.

बीपीची गोळी मनानं बंद करू नका, मनानं दोन घेऊही नका. उपाशी राहण्यावर जरा अडून बसा. डायच्या आधी तीन-चार तास जड खाऊ नका म्हणतात ते ठीक, पण राखीव ताकद संपलेल्या माणसाला सकाळपासून पाण्याविना बाकावर बसवून ठेवणं वाईट. दाब उतरतो, रक्त दाट होतं. सकाळचा पहिला नंबर मागा, पाणी चालेल का विचारा, बहुतेक वेळा चालतं. ठाण्याहून बेलापूर-नेरुळकडे जायचं असेल तर ट्रान्स-हार्बर लोकल गाडीपेक्षा वेळेवर पोचवते, पण चक्कर येणाऱ्या माणसाला गर्दीच्या वेळी चढवू नका.

एमआरआय असेल तर मंगळसूत्र, जोडवी, चांदीचा करदोटा, तावीज, पिना, कवळी, कानाचं यंत्र घरीच काढा. जोडवी वर्षानुवर्षं निघालेली नसतील तर तसं सांगा, आयत्या वेळी साबण शोधावा लागतो. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट यांची कार्डं सोबत हवीत. आणि एक गोष्ट इथे मुद्दाम लिहितो: वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळे-महापेच्या एमआयडीसीत लेथ, ग्राइंडिंग, वेल्डिंगवर काम केलेलं असेल आणि कधी डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल, तीस वर्षांपूर्वी का असेना, तर मशीनच्या खोलीत पाऊल टाकायच्या आधी सांगा. चुंबकानं तो कण हलला तर डोळा जाऊ शकतो. फॉर्मवर हा प्रश्न असतो. लोक न वाचता ‘नाही’वर टिक करतात.

टेबलावर

सीटी परफ्युजनसाठी कोपराच्या खोबणीत जाड सुई लागते, १८ किंवा २० नंबरची, कारण डाय सेकंदाला चार ते सहा मिलिलिटरच्या वेगानं जाते. हाताच्या पाठीवरच्या बारीक शिरेतून ती नीट जात नाही. शीर फुटते किंवा डाय संथ जाऊन नकाशा बिघडतो. डाय शिरली की अंगभर गरम लाट येते, लघवी झाल्यासारखं वाटतं. झालेली नसते. घाबरून डोकं हलवलं तर तो मिनिट वाया जातो, म्हणून हे आई-वडिलांना आधी सांगून ठेवा. डोकं पट्ट्यानं बांधतात.

एमआरआयला अर्धा-पाऊण तास, आवाज मोठा. कानात बोळे मागून घ्या. हातात घंटीचा फुगा देतात. तो दाबला की बाहेर काढतात. बंद जागेची भीती असेल तर आधी सांगा. परफ्युजनचा भाग चालू असताना झोप लागली की श्वास मंदावतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि त्यानं मेंदूचा प्रवाहही बदलतो. म्हणून काही तंत्रज्ञ मधूनमधून हाक मारत राहतात.

रिपोर्ट वाचताना

रंगावर जाऊ नका. एका सॉफ्टवेअरमध्ये लाल म्हणजे भरपूर प्रवाह, दुसऱ्यात वेळेच्या नकाशावर लाल म्हणजे उशीर. शेजारची रंगपट्टी पाहा.

मग चार नकाशे एकत्र वाचा. वेळ वाढलेली, साठा वाढलेला, प्रवाह दुसऱ्या बाजूएवढाच: ही वर सांगितलेली पहिली अवस्था, मेंदू निभावून नेतोय. वेळ बरीच वाढलेली, साठा टिकलेला, प्रवाह कमी: ताण आहे, राखीव ताकद तपासायला हवी. प्रवाह आणि साठा दोन्ही खूप कमी: तिथे बहुधा जुनी इजा आहे, साध्या एमआरआयशी ताडून पाहा.

टीमॅक्स नावाचा नकाशा डाय पोचायला किती उशीर झाला ते दाखवतो. ६ सेकंदांवर टीमॅक्स आणि दुसऱ्या बाजूच्या ३० टक्क्यांखाली प्रवाह ही जोडी ताज्या स्ट्रोकसाठी आहे. २०१८ च्या डिफ्यूज-३ अभ्यासात गुठळी काढायचे रुग्ण याच मापांनी निवडले होते. सॉफ्टवेअर तीच मापं स्थिर रुग्णालाही लावतं आणि ‘कोअर शून्य, मिसमॅच शून्य’ छापून मोकळं होतं, म्हणजे मेलेला भाग नाही आणि धोक्यातला पण वाचवता येणारा भागही नाही. त्याचा अर्थ सगळं ठीक, असा नाही. अरुंद धमनीच्या स्थिर रुग्णात ४ सेकंदांच्या वरचा भागही पाहतात. तो पाहिला का, विचारा.

फसगतीच्या जागा ठरलेल्या आहेत. मानेतली कॅरोटिड अरुंद असेल तर डायच उशिरा पोचते, त्यामुळे प्रवाह बरा असूनही त्या बाजूचा वेळेचा नकाशा रंगतो. हृदयाचं पंपिंग कमी असेल किंवा ठोके अनियमित असतील तर दोन्ही बाजूंना उशीर दिसतो. इकोचा रिपोर्ट दाखवा. दोन्ही बाजूंच्या धमन्या अरुंद असतील तर डावं-उजवं तुलनेला अर्थ उरत नाही, कारण ज्याच्याशी तुलना करायची तेच आजारी. डोक्याच्या मागच्या, खालच्या भागात हाडांमुळे सीटी परफ्युजन कमजोर पडतं. तिथल्या बॅसिलर धमनीचा प्रश्न असेल तर नुसत्या त्यावर विसंबू नका.

उत्तर मिळाल्यावर

प्रवाह कमी निघाला म्हणजे लगेच स्टेंट, असा सरळ जिना नाही. २०११ च्या सॅम्प्रिस अभ्यासात ७० ते ९९ टक्के अरुंद धमनीच्या ४५१ रुग्णांपैकी काहींना स्टेंट आणि औषधं, काहींना नुसती कडक औषधं दिली. ३० दिवसांत स्ट्रोक किंवा मृत्यू स्टेंटवाल्यांत १४.७ टक्के, औषधवाल्यांत ५.८ टक्के. अभ्यास अर्ध्यात थांबवावा लागला. औषधं म्हणजे ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र ९० दिवस, नंतर नुसतं ॲस्पिरिन, एलडीएल कोलेस्टेरॉल ७० च्या खाली, वरचा बीपी १४० च्या खाली, सोबत चालणं आणि तंबाखू बंद. २०२२ च्या चीनमधल्या कॅसिस अभ्यासात रुग्ण जास्त काटेकोर निवडले, तरी स्टेंटचा फायदा दिसला नाही. कॅरोटिड बंद असलेल्या आणि पेटवर दुसऱ्या अवस्थेत असलेल्यांची बायपास शस्त्रक्रियाही २०११ च्या कॉस अभ्यासात औषधांपेक्षा वरचढ ठरली नाही. फुग्यानं हलकेच रुंद करण्याच्या पद्धतीला २०२४ च्या चीनमधल्याच बेसिस अभ्यासात औषधांहून चांगला निकाल मिळाला. दार बंद झालेलं नाही, पण अनुभवी हात हवा.

मग स्कॅनचा उपयोग काय? पहिला, बीपी किती वेगानं उतरवायचा हे ठरवायला. राखीव ताकद संपलेली दिसली तर डॉक्टर तो हळूहळू आणतात, आणि उभं राहिल्यावर चक्कर येते का, हे विचारत राहतात. दुसरा, औषधं नीट चालू असूनही लक्षणं पुन्हा आली तर कुणाला डीएसए आणि पुढच्या उपायांकडे न्यायचं, हे निवडायला. तिसरा, ज्यांचा टक्का मोठा आणि प्रवाह चांगला आहे त्यांना नको त्या नळीपासून वाचवायला. माझ्या मते यातला तिसरा उपयोग सर्वांत मोठा.

डॉक्टरांपुढे बसल्यावर विचारायचं ते असं: इजा प्रवाह कमी पडल्यानं झाली की गुठळी सुटून? आडवाटा कुठून येतात? राखीव ताकद मोजली का, नसेल तर मोजून उपचार बदलेल का? आमच्या माणसाचा बीपी किती खाली चालेल, आणि किती खाली गेला तर फोन करायचा? पुन्हा स्कॅन कधी आणि कोणता? शेवटच्या प्रश्नाला ‘लक्षण नसेल तर लगेच नको’ हे अगदी चांगलं उत्तर आहे. पुन्हा करायचाच असेल तर शक्यतो त्याच सेंटरवर, त्याच मशीनवर करा. फिल्मवर न थांबता डायकॉम, म्हणजे मशीनच्या मूळ चित्रांची सीडी किंवा पेनड्राइव्ह मागा आणि घरी गेल्या गेल्या ती उघडते का ते तपासा; न उघडणाऱ्या सीड्या लोक वर्षभर फाइलीत सांभाळून ठेवतात.